पहिल्यांदाच वारीत चालताना: फलटण ते बरड, एक दिवस

आषाढी वारीत एखादाच दिवस चालून बघायचं ठरलं की बहुतेक नवखी मंडळी पुणे ते सासवड हा टप्पा धरतात. घराजवळ पडतो, एका दिवसाच्या रजेत भागतं आणि दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण पहिल्या दिवसासाठी सगळ्यांत अवघड टप्पा तोच. अंतर तीस किलोमीटरच्या आगेमागे, दमल्यावर घाटाची चढण आणि गर्दी इतकी की दिंडीची, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटाची, ओळच टिकत नाही. दिवसभर धक्के खाऊन संध्याकाळी पाय सुजतात. दिंडी कशी चालते, अभंग कधी कोणते लागतात, थांबायचं कुठे, यातलं काही कळत नाही.

त्यापेक्षा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत फलटण ते बरड चाला. अंतर सुमारे १८ किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट. रिंगण, म्हणजे वारकऱ्यांमधून माउलींच्या अश्वाची दौड, या दिवशी नसतं, म्हणून नुसत्या बघ्यांच्या गाड्या कमी. लोणंद ते तरडगाव हा टप्पा जेमतेम ८ किलोमीटरचा आहे, पण वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं आणि पंचक्रोशी तिथे लोटते. तिथे पाहायला जरूर जा. चालायला शिकायचं तर फलटणच बरं. दोन्ही अंगाला नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, मका, मध्येच नुकती उगवलेली बाजरी, आणि थांबे ठरलेले: विडणी, पिंपरद, वाजेगाव, निंबळक नाका, मग बरडचा मुक्कामाचा तळ.

तारीख गेल्या वर्षीच्या हिशेबाने धरू नका. पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. मधल्या तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तसा एखादा मुक्काम वाढतो वा कमी होतो. फलटण-बरडचा दिवस एकादशीच्या साधारण आठवडाभर आधी येतो. आळंदी संस्थानाचं त्या वर्षीचं वेळापत्रक जाहीर झालं की त्यावरूनच रजा टाका.

दिंडी आधी ठरवा

एकट्याने रस्त्याच्या कडेने चालता येतं, पण ती पदयात्रा झाली. वारी समजायची तर दिंडीत चालावं लागतं. गावात, नात्यात कुणी ना कुणी दरवर्षी जाणारं असतंच. त्यांच्यामार्फत दिंडीप्रमुखांना महिनाभर आधी फोन करा. दिंडीत जेवणखाणासाठी वर्गणी असते, तिला भिशी म्हणतात. एका दिवसासाठी किती द्यायची ते सरळ विचारा. काही जण घेत नाहीत. तेव्हा शिध्यासाठी किराणा द्या, तो कुणी परत करत नाही.

दिंडीचा क्रमांक लिहून घेताना एक चूक हमखास होते. पालखीच्या रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागच्या दिंड्यांचे वेगळे, दोन्ही १ पासून सुरू होतात. नुसतं ‘१२ नंबरची दिंडी’ म्हणून विचारत फिराल तर निम्मे लोक पुढे पाठवतील आणि निम्मे मागे, आणि दोघेही खरंच सांगत असतील. ‘रथापुढे १२’ किंवा ‘रथामागे १२’ असं पूर्ण लिहा. मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून खिशात ठेवा. सोबत दिंडीप्रमुखांचं नाव, दोन फोन नंबर आणि दुपारच्या जेवणाची जागा. गर्दीमुळे नेटवर्क तासन्‌तास मिळत नाही, त्यामुळे फोन लावून शोधू या भरवशावर राहू नका.

चार आठवडे आधीपासून

रोज अर्धा तास चालणाऱ्या धडधाकट माणसाला १८ किलोमीटर जड नाहीत. जड जातात ते दिवसाचे अकरा-साडेअकरा तास. पालखी सकाळी सहाच्या सुमारास हलते आणि तळावर पोचायला संध्याकाळचे पाच-साडेपाच होतात. त्यात निव्वळ चालणं पाच-सहा तासांचं, बाकी विसावे, आणि मध्ये मध्ये पाच-दहा मिनिटं जागच्या जागी उभं राहणं. नवख्यांची कंबर आणि पिंढऱ्या या उभं राहण्यानेच जातात. म्हणून सरावात नुसतं अंतर वाढवू नका. पहिल्या आठवड्यात ५ किलोमीटर, मग ८, मग १२ असं जा आणि मध्येच दहा-दहा मिनिटं न बसता थांबा. शेवटच्या आठवड्यात सराव हलका ठेवा.

पायात जे घालून वारीला जाणार तेच सरावात घाला. नवे बूट हा वारीतला सगळ्यांत महाग पडणारा शौक आहे. पावसाची शक्यता असली तर मागे पट्टा असलेली मऊ तळव्याची सँडल उत्तम: पाणी निथळून जातं, चिखल धुता येतो. बूट भिजले की दिवसभर ओले राहतात आणि ओली कातडी घासली की फोड आलाच. पट्टा नसलेली चप्पल काळ्या मातीच्या चिखलात अडकते आणि मागच्या माणसाचा पाय तिच्यावर पडतो. अनवाणी चालणारे वारकरी दिसतील. त्यांच्या तळव्यांना वर्षानुवर्षांची सवय असते. मधुमेह असेल तर अनवाणी एक पाऊलही टाकू नका, कारण तळव्याला झालेली जखम कळतच नाही.

झोळीत काय

वळकटी, कपडे, मोठी पिशवी हे सगळं दिंडीच्या ट्रकवर जातं, आणि ट्रक एकदा गेला की थेट जेवणाच्या जागी किंवा तळावरच भेटतो. त्यामुळे रोजच्या गोळ्या ट्रकमध्ये ठेवणं ही गंभीर चूक. खांद्यावरची झोळी दोन-अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नका. तीत एवढं पुरे: पाण्याची एक लिटरची बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या, रोजची औषधं, व्हॅसलीनची डबी, चिकटपट्टी, कोरडे मोजे किंवा पंचा, स्टीलचा पेला आणि वाटी, दहा-वीसच्या सुट्या नोटा, ओळखपत्राची झेरॉक्स आणि प्लास्टिकचा कागद.

पावसासाठी छत्री आणू नका. दिंडीत खांद्याला खांदा लागतो, छत्रीच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्याशी येतात आणि टाळ वाजवायला हातही उरत नाहीत. वारकरी डोक्यावरून पाठीपर्यंत येणारा प्लास्टिकचा कागद घेतात. घडी खिशात मावते, पाऊस थांबला की झटकायचा, आणि विसाव्याला तोच खाली अंथरून बसता येतं.

कपडे सुती, सैल आणि फिकट रंगाचे. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. डोक्यावर टोपी किंवा फेटा, गळ्यात उपरणं. मान भाजू नये म्हणून उपरण्याचा उपयोग फार. हा पर्जन्यछायेचा भाग आहे, ढग नुसते जातात आणि ऊन अंगावर राहतं. दागिने घरी ठेवा.

पहाट

आदल्या संध्याकाळीच फलटणला पोचा. पालखीचा मुक्काम विमानतळाच्या मैदानावर असतो आणि दिंड्यांच्या राहुट्या आसपास पसरलेल्या असतात. त्या दिवशी पहाटे पुण्याहून किंवा साताऱ्याहून गाडी काढून यायचा बेत करू नका. वाहतूक वळवलेली असते आणि तळापर्यंत गाडी येत नाही.

साडेतीनला उठा. आंघोळ टँकरच्या पाण्याने उघड्यावर, महिलांसाठी बऱ्याच दिंड्या आडोसा बांधतात. चारनंतर पाण्याला रांग आणि शौचालयाला त्याहून मोठी रांग, म्हणून हे आधी उरकायचं. फिरती शौचालयं तळाजवळ आणि वाटेत ठिकठिकाणी असतात. ती सोडून कुणाच्या उसात शिरू नका. उसात घोणस, नाग असतात, बांधावर काटेरी तार किंवा जनावरांसाठी लावलेली झटक्याची तार असते, आणि मुख्य म्हणजे ते कुणाचं तरी उभं पीक आहे. बाजरी-मक्याची कोवळी उगवण तर पायाखाली आली की गेलीच. हजारो लोकांतला प्रत्येक जण ‘मी एकटाच जातोय’ म्हणून बांध ओलांडतो, आणि सकाळी त्या शेतकऱ्याचं अख्खं वाफं तुडवलेलं असतं.

निघण्याआधी तळावर कर्णा तीनदा वाजतो. पहिल्या कर्ण्याला सामान बांधून ट्रकवर द्यायचं, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. दुसऱ्या कर्ण्याला चहाच्या रांगेत असाल तर दिंडी सुटली म्हणून समजा.

निघण्यापूर्वी पायांना तयार करा: बोटांच्या मधल्या जागा, टाच, तळव्याचा उंचवटा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावा, मग कोरडे मोजे. हे दोन मिनिटांचं काम चुकवलं की दुपारी त्याची आठवण प्रत्येक पावलाला येते.

ओळीत कुठे उभं राहायचं

दिंडीच्या पुढे पताकाधारी असतात. त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात मृदंग, आणि या सगळ्यांचं केंद्र म्हणजे विणेकरी. मागे डोक्यावर तुळशी वृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या माउली, त्यांच्यामागे बाकीच्या महिला आणि पुरुष. नवख्याने सुरुवात मागच्या भागातून करावी. टाळ येत नसेल तर टाळी वाजवा. तासाभराने पावली, म्हणजे टाळाच्या तालावर टाकायची पावलं, पायात बसली की कुणी तरी स्वतःहून टाळ देऊन पुढच्या ओळीत बोलावतं.

दोन ओळींच्या मधून आडवं जाऊ नका, दोन दिंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसू नका. वीणा दिवसभर जमिनीवर टेकत नाही. विणेकरी थकले तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतात, तेव्हा मध्ये येऊ नका. सगळे एकमेकांना माउली म्हणतात: ‘माउली, जरा वाट द्या’, ‘माउली, पाणी आहे का’. कुणी तुमच्या पाया पडलं तर मागे सरू नका, तुम्हीही वाका. वय, शिक्षण, जात काही आड येत नाही, सत्तरीचे बाबा विशीतल्या पोरालाही वाकून नमस्कार करतात.

अभंगांचा क्रम ठरलेला असतो. सुरुवात रूपाच्या अभंगांनी, सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, दुपारकडे गौळणी, जेवणानंतर हरिपाठ. पुस्तक नसलं तरी चालतं, कारण एक जण सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग आधी एकदा वाचून आलात तर दुपारचा कंटाळवाणा तास सगळ्यांत चांगला होतो. तालावर पाय पडू लागला की दम लागत नाही. जे गप्पा मारत चालतात ते आधी थकतात, करून पाहा.

विडणीपर्यंत: घाई करू नका

सकाळच्या गारव्यात दिंडीचा वेग कमी वाटतो, तासाला तीन-साडेतीन किलोमीटर. नवखे इथेच सटकतात. ‘आपण जरा पुढे जाऊ’ म्हणून तासाभरात विडणीला पोचतात आणि मग दोन तास उन्हात पालखीची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसतात. अंग थंड पडतं, पाय आखडतात, न्याहारी दिंडीसोबत राहते आणि उठताना गुडघे बोलतात. वारीचा वेग लाखो पायांनी ठरवलेला आहे, त्यात म्हातारी माणसं अडीचशे किलोमीटर चालतात. त्या वेगाला धरून राहा.

पालखी मार्गाचा बराचसा रस्ता आता रुंद आणि काँक्रीटचा आहे. काँक्रीट डांबरापेक्षा कडक. गुडघ्यांना आणि टाचांना ते जाणवतं, आणि दुपारी ते तापतंही जास्त. साइडपट्टीवर माती कोरडी असेल तर दिंडीची ओळ तिथून जाते तेवढा वेळ मातीवरून चाला. मात्र पाऊस पडून गेला असेल तर काळी माती टाळा: दहा पावलांत सँडलखाली इंचभर थर बसतो, पाय तिरका पडतो आणि घोटा मुरगळतो.

विडणीचा विसावा न्याहारीचा. पोहे, उपमा, चहा. इथे सगळ्यांत आधी पादत्राणं काढा आणि पाय नीट बघा. कुठे कातडी लाल आणि गरम लागत असेल तर तिथे फोड येणार आहे. कोरडं पुसून आत्ताच चिकटपट्टी लावा, सुरकुती न पडता. दुपारी फोड पाण्याने भरल्यावर पट्टी लावून विशेष काही साधत नाही. भरलेला फोड फोडू नका, वरची कातडी सोलू नका. तीच आतल्या मांसाला झाकते आणि चिखलापासून वाचवते.

पिंपरद: जेवण आणि पाणी

वाटेत प्रत्येक गाव वाढायला उभं असतं. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, शेंगा, ठेचा-भाकरी, ताक. लोक हात धरून आग्रह करतात आणि नाही म्हणणं जिवावर येतं. पण प्रत्येक ठिकाणी खाल्लंत तर दुपारपर्यंत पोट बिघडतं. प्रसाद म्हणून कणभर घ्या, कपाळाला लावा, बाकी पुढच्याला द्या. कुणाला राग येत नाही. उघड्यावरची सरबतं आणि कापून ठेवलेली फळं मात्र टाळाच. चहा स्वतःच्या पेल्यात घ्या. प्लास्टिकचे ग्लास आणि पत्रावळी मागे राहतात, वाऱ्याने शेतात जातात आणि पेरणीच्या वेळी औताला लागतात.

पाणी तहान लागण्याआधी, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट, म्हणजे तासाला साधारण अर्धा लिटर. शौचालयाची अडचण नको म्हणून न पिणाऱ्या महिला दरवर्षी दुपारी चक्कर येऊन पडतात. हे कृपा करून करू नका. दोन लिटर नुसतं पाणी पोटात गेलं की ओआरएस घ्या. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर ती पूर्ण पुडी पूर्ण एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर पाणी जास्त खारट होऊन त्रासच होतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा.

पिंपरदला दुपारचं जेवण. दिंडीचे ट्रक आधीच पोचलेले असतात, शेताच्या कडेला चूल पेटलेली असते, पंगत बसते. पोट तीन-चतुर्थांश भरा. जेवून पाय झाडाच्या बुंध्याला उंच टेकवून वीस मिनिटं आडवे व्हा, मोजे उन्हात टाका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पंगतीला उशीर होतो हे धरून खिशात काहीतरी खायला ठेवावं. जेवणाला कधी दीड, कधी दोन वाजतात.

वाजेगाव, निंबळक नाका: खरी परीक्षा

जेवणानंतरचे दोन-तीन तास कठीण. ऊन तिरकं तोंडावर नसलं तरी रस्ता तापलेला, पोट जड, आणि बरडकडे जाताना सावली कमी. बरड या शब्दाचा अर्थच हलकी, मुरमाड जमीन. पायात गोळे येतात ते इथेच. गोळा आला तर ओळीतून बाजूला व्हा, टाच जमिनीला टेकवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा, गोळा सुटेपर्यंत धरा, मग मीठ-साखरेचं पाणी प्या. अंगदुखीची गोळी उपाशीपोटी किंवा पाणी कमी प्यालेलं असताना घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, घाम येईनासा झाला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, डोकं, मान, काखा ओल्या पंचाने पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. वैद्यकीय पथकं मार्गावर असतात. पताका घेतलेल्या माणसाला विचारलं की सर्वांत जवळचं कुठे ते कळतं.

चुकामूक झाली तर मागेपुढे धावू नका. आपली दिंडी रथापुढची की मागची, एवढं माहीत असेल तर एका जागी उभं राहून क्रमांकाच्या पाट्या वाचत राहा. दिंडी पुढे निघून गेलेली असेल तर पुढच्या विसाव्याला नक्की भेटते.

तळावर

बरडला पोचल्यावर राहुटी शोधून लगेच आडवं होऊ नका. पाय धुवा, कोरडे करा, मग समाजआरतीला जा. सगळ्या दिंड्या पालखीभोवती येतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड वर करून हाक देतात. क्षणात सगळं थांबतं. इतक्या मोठ्या जमावात वाऱ्याने फडफडणाऱ्या पताकांचा आवाज ऐकू येतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर फक्त त्यांचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, जे काही असेल ते ऐकलं जातं. मग सापडलेल्या वस्तू पुकारतात, हरवलेल्या सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ जाहीर होते आणि आरती सुरू होते. तुमचं पाकीट किंवा चष्मा वाटेत पडला असेल तर कान इथेच द्या.

परतीचा प्रवास त्याच रात्री ठरवू नका. रस्ता दिंड्यांनी भरलेला असतो आणि एसटी वळवलेल्या असतात. राहुटीतच झोपा, रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय दहा मिनिटं बुडवले, पुसून खोबरेल तेल चोळलं की सकाळी चालता येतं. सकाळी पालखी नातेपुत्याकडे निघाली की तास-दोन तासांत फलटणची बाजू मोकळी होऊ लागते, तेव्हा गाडी मिळते. जाण्याआधी ट्रकवरची आपली पिशवी उतरवून घ्या, विणेकऱ्यांच्या पाया पडा आणि दिंडीप्रमुखांना ‘मी निघतोय’ एवढं सांगूनच निघा. न सांगता गेलात तर संध्याकाळी नातेपुत्याच्या तळावर तुमचं नाव पुकारत चार माणसं फिरत राहतात.